मिस्त्रीभाऊ, एटीव्ही घरीच तपासायला शिकवलंत त्याबद्दल

मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या आसपास, काटोल-कळमेश्वरच्या संत्राबागांत आणि हिंगण्याकडच्या फार्महाऊसांवर ११० सीसीच्या छोट्या एटीव्ही (जाड टायरांच्या, हँडलवाल्या चारचाकी गाड्या) फिरतात, त्या वापरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून गॅरेजला आणायची, पार्ट बदलायचा आणि परत न्यायची, ही आमची रीत तुम्ही मोडलीत. आधी तपासा, मोजा आणि मगच पार्ट विकत घ्या, हे तुम्ही हातचं काही न राखता सगळ्यांना शिकवता. तुमच्याच पोटावर पाय येईल अशी ही विद्या तुम्ही मोकळ्या हाताने वाटलीत, म्हणून हे आभार चारचौघांत मानतोय. शिकवलेलं खाली लिहूनही काढलंय, म्हणजे बाकीच्यांच्याही कामी येईल.

सगळ्यात मोलाचं म्हणजे किल स्विचचं, म्हणजे इंजिन बंद करायच्या स्विचचं गणित. सेल्फ फिरतो, पण प्लगला करंट येत नाही, अशी गाडी आली की बहुतेक जण थेट सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी करंट सोडणारा डबा) बदलतात. या गाड्यांत इंजिन बंद करायची सोय तीन-चार ठिकाणी असते: किल्लीचं लॉक, डाव्या हँडलवरचा लाल स्विच, मागची ओढायची दोरी आणि काहींत रिमोट. एसी सीडीआय (बॅटरीवर नाही, इंजिनच्या मॅग्नेटच्या करंटवर चालणारा) असलेल्या गाडीत यातल्या कुठल्याही एकाने किल वायर अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या धातूला जोडली की स्पार्क बंद होतो. ही वायर बहुधा काळी, पांढऱ्या पट्टीची असते. सीडीआयजवळ तेवढी एकच वायर सोडवायची आणि सेल्फ मारून बघायचा. स्पार्क आला तर सीडीआय आणि कॉइल दोन्ही ठीक आहेत, दोष स्विचमध्ये किंवा लॉकमध्ये आहे. पावसाळ्यात स्विचमध्ये पाणी शिरून हे हमखास होतं. तपासणी झाली की वायर पुन्हा जोडायची. किल स्विचशिवाय गाडी चालवायची नाही, लहान मुलं बसत असतील तर मुळीच नाही. हे तुम्ही प्रत्येकाला बजावता, ते फार बरं करता.

स्पार्क बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवायचे आणि प्लगच्या भोकावर कापड ठेवायचं, नाहीतर आतून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ए७टीसी प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी. प्लग काळा आणि भुरभुरीत निघाला तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. पांढराफटक निघाला तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तेलकट ओला निघाला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील.

सेल्फच फिरत नसेल तर आधी ब्रेक दाबलाय का ते बघायचं, कारण बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. मग मल्टिमीटर. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ९.५ च्या खाली गेली तर बॅटरी उतरली आहे किंवा कमजोर झाली आहे. इंजिन चालू ठेवून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर नवी बॅटरीही पुन्हा उतरणार.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. बहार तोडून झाला की गाडी महिना-दोन महिने शेडमध्ये पडून राहते. तोवर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून चिकट थर धरतो आणि पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजतो. खूण सोपी आहे: चोक लावला की गाडी चालते, चोक काढला की बंद पडते. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करायचा. तार घालायचीच झाली तर वायरमधली तांब्याची एक बारीक काडी. स्टीलच्या तारेने भोक मोठं होतं आणि मग ट्यूनिंग कधीच जमत नाही. जेट साफ असूनही तीच तक्रार राहिली तर इंजिन आयडलवर ठेवून मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या) जोडावर क्लीनरचा हलका फवारा मारायचा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय, गॅसकेट बदला. हे काम उघड्यावर करायचं आणि गरम सायलेन्सरवर फवारा जाऊ द्यायचा नाही. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काढून टाकलं की ही कटकट येतच नाही.

एअर फिल्टरबद्दल तुम्ही जेवढं बोलता तेवढं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडच्या वावरातली धूळ पिठासारखी बारीक असते. फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवायचा. पिळायचा नाही, फोम फाटतो. पेट्रोलने धुवायचा नाही, जोडाचा गम सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. पूर्ण वाळला की फोम फिल्टरचं तेल लावून जास्तीचं दाबून काढायचं. कोरडा फोम बारीक धूळ नीट अडवत नाही. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात द्यायचा. मग फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधल्या रबरी नळीत बोट फिरवून बघायचं. बोटाला माती लागली तर फिल्टर कुठूनतरी गळतोय आणि तीच माती सिलिंडर आणि रिंगा खातेय.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली गॅप लावायचं काम आम्ही घरी करू, असं आम्हालाही वाटलं नव्हतं. आडव्या सिलिंडरच्या ११० सीसी इंजिनात दोन्ही व्हॉल्व्हची गॅप ०.०५ मिमी, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. फ्लायव्हील डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून टी ची खूण केसवरच्या खुणेला लावायची. दोन्ही रॉकर ढिले लागले पाहिजेत. एखादा घट्ट लागला तर अजून एक पूर्ण फेरा द्यायचा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकली की नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना गॅप हलते. टॅपेटचा थोडा टिकटिक आवाज बरा. फार घट्ट केलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि गाडी गरम झाल्यावर सुरू होत नाही.

कॉम्प्रेशन गेज लावताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह. या एका चमच्याने कितीतरी इंजिनं उगाच खोलायची वाचली आहेत.

ऑइल जेएएसओ एमए मार्कचंच (ओल्या क्लचच्या गाड्यांसाठीचा जपानी दर्जा), कारण कारच्या काही ऑइलने ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. गाडी नाल्यात बुडाली तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. आधी प्लग आणि एअरबॉक्स उघडून पाणी काढायचं, मग ऑइल बदलायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं.

टायरमध्ये हवा जेमतेम ४-५ पीएसआय लागते. नेमका आकडा टायरवर किंवा मडगार्डच्या स्टिकरवर असतो. पंचरवाल्याच्या नेहमीच्या गेजला एवढी कमी हवा नीट कळत नाही, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज घ्यायला लावलंत. मागचा एक्सल सरळ एकच असल्याने दोन चाकांत हवा कमीजास्त झाली की गाडी एका बाजूला ओढते. हवा सकाळी, ऊन चढायच्या आधी मोजायची.

काळी माती इंजिनच्या बाहेरच्या थंडाव्याच्या पात्यांवर (फिन्सवर) वाळू द्यायची नाही, उष्णता आतच कोंडते. पण प्रेशर वॉशर बेअरिंग, सील आणि वायरिंगवर थेट मारायचा नाही. धुतल्यावर चेनला ऑइल. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं आणि खेळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे खेळलं तर टाय रॉड एंड (स्टीयरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा जोड).

मागच्या एक्सलचं बेअरिंग, क्रँकचं काम आणि व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग घरी करू नका, असं तुम्ही सांगितलंय. ते आम्ही ऐकणार. मृगाच्या आधी गाड्या त्या कामांसाठी तुमच्याकडेच आणू. येताना प्लगचा रंग, बॅटरीचे व्होल्ट आणि कॉम्प्रेशनचा आकडा कागदावर लिहून आणू.

आपले,
काटोल-कळमेश्वर-हिंगणा भागातले एटीव्हीवाले