ओसाकाच्या दादांना, गोतेन्गोच्या ड्रिलबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

गोतेन्गो या जपानी चित्रपटातल्या पाणबुडीच्या प्लास्टिक मॉडेल किटमधलं जपानी माहितीपत्रक तुम्ही मराठीत करून पाठवलंत, वर समासात पेन्सिलीने टिपाही लिहिल्यात. आमचे आभार त्या टिपांसाठी जास्त आहेत. 'हिदारी' म्हणजे डावा, 'मिगी' म्हणजे उजवा, 'फुयो बुहिन' म्हणजे न लागणारे भाग, एवढं कुणीही शोधून काढेल. सांधा कुठे फसतो आणि का, ते पत्रकात छापलेलं नसतं.

'सेच्चाकु शिनाइ', म्हणजे चिकटवायचं नाही, ही खूण पाणबुडीच्या नाकावरच्या ड्रिलच्या दांड्यापाशी आहे. आतली पॉलिकॅप (दांडा बसतो ते मऊ प्लास्टिकचं बूच) सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाने, चिकटत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पातळ सिमेंट फटीतून आपोआप ओढलं जातं आणि दांडा शेजारच्या भिंतीला जोडून टाकतं. दांड्याला आधी व्हॅसलिनचं बोट लावा, हे तुम्ही लिहिलंत म्हणून ड्रिल फिरतंय. 1963 साली तोहो या जपानी चित्रसंस्थेच्या पडद्यावर ही पाणबुडी ड्रिल गरगरवत जमिनीत घुसली होती; न फिरणारं ड्रिल लावलेली गोतेन्गो आम्हाला तरी बघवली नसती.

खरी कसोटी मात्र त्या ड्रिलच्या दोन अर्ध्या भागांची. खोबणी मळसूत्री, सांधा सरळ, त्यामुळे सांधा प्रत्येक वळणाला छेदतो. बुडापासून चिकटवत गेलं की अर्धे किंचित पिळतात आणि टोकाकडच्या खोबणी जुळत नाहीत. तुमची रीत उलटी: आधी कोरडेच जुळवून टेपने बांधायचे, मधल्या एका वळणावर सिमेंटचा एक ठिपका, मग टोक, शेवटी बूड. सिमेंट एवढं की दाबल्यावर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर यावी. ती कड तशीच ठेवून 48 तास थांबायचं. घाईने घासलं तर त्या क्षणी सपाट दिसतं, पण आतला द्रव उडत राहतो, सांधा आकसतो आणि रंगाखाली आठवड्याने रेघ उमटते.

घासायला 400 नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्याची घडीची धार खोबणीतून मळसूत्राच्या दिशेने फिरवायची, आडवी कधीच नाही. मग 600, मग 1000. बुजलेली खोबण ब्लेडच्या पाठीने तीन-चार हलक्या ओढींत उघडते; एकाच जोरकस ओढीत ब्लेड घसरतं आणि शेजारचा उंचवटा कापतो. नंतर करडा प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर), कारण नुसत्या प्लास्टिकवर ओरखडे दिसतच नाहीत. चंदेरी रंगाखाली मात्र सगळे दिसतात. त्याच्याखाली चकचकीत काळा थर, तो पुरता एक दिवस वाळवून.

लॅकर पांढुरका का पडतो, हेही तुमच्याच टिपेत सापडलं. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते. तुमच्याकडच्या त्सुयूत, म्हणजे पावसाळ्यात, जे होतं, तेच आमच्या कोकणातल्या मंडळींचं जुलैत होतं. रिटार्डर (वाळणं मंदावणारा द्रव) दहा टक्क्यांच्या आत आणि थर पातळ ठेवल्यापासून त्यांच्या तक्रारी जवळपास थांबल्या आहेत.

मेसर गाडीबद्दल (तीच, 1966 च्या चित्रपटातली, ओढून न्यायची, तबकडीतून किरण सोडणारी तोफ) तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण पुरल्या. तबकडीच्या आतल्या बाजूला साच्याच्या खिळ्यांचे गोल ठसे असतील तर पुट्टी भरून, गोल कापलेल्या खोडरबरावर पेपर गुंडाळून घासायचं. सपाट ठोकळ्याने वाटीचा बाक जातो. आणि किटमध्ये मऊ टायर आले असतील तर चाकाला आधी रंग द्यायचा, नाहीतर टायरमधलं तेल काही वर्षांत प्लास्टिक खातं. रंगासाठी तामियाची XF-74 सांगितलीत, स्वसंरक्षण दलाची ऑलिव्ह छटा. तीच मागवली आहे.

एक विचारायचं राहिलं: डिकॅलच्या, म्हणजे मॉडेलवर लावायच्या छापील चित्रांच्या, पानावर तुम्ही 'इथे घाई नको' असं दोनदा लिहून दोनदा खोडलंय. ते का, तेवढं कळवा.

आपले,
पुण्यातले किटवाले