गुंगीचं औषध चालू आहे, हे घरच्यांना सांगा

मा. संपादक,
स. न.

माझे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं यंत्रमागावर राबले. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि इथल्याच एका दवाखान्यात व्हेंटिलेटर लावावा लागला. घशातली नळी सहन व्हावी म्हणून पंपातून मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध सुरू केलं, ते सहा दिवस अखंड. औषध गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

सातव्या दिवशी पंप काढला, पण ह्यांनी डोळे उघडले नाहीत. आठवा गेला, नववा गेला. विचारलं तर "वाट बघा." मेंदू गेला असणार, गावाकडे कळवा, असं पाहुणे बाकड्यावर बोलू लागले. दहाव्या दिवशी डोळे उघडले, तर मला ओळखेनात. अंगठा आणि बोट हवेत सारखं फिरत होतं. बराच वेळ बघितल्यावर उमगलं, माणूस तुटलेला धागा गाठतोय. रात्री "माग बंद करा" म्हणून ओरडले, तेव्हा हात खाटेला बांधले.

नर्सिंग शिकणाऱ्या भाचीनं नंतर समजावलं. हे औषध दिवसेंदिवस चाललं की अंगातल्या चरबीत साठतं. यकृतात त्याचं जे बनतं त्यालाही गुंगी असते आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं. ह्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते, तर वाढलेलं! भ्रमाचा धोकाही याच गटातल्या औषधांनी वाढतो. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं, गुंगीचं दुसरं औषध लवकर उतरतं, पण तेही किलोमागे तासाला ४ मिलिग्रॅमच्या वर ४८ तासांहून जास्त चाललं तर क्वचित रक्तात आम्ल वाढतं, स्नायू झिजतात, हृदय बंद पडू शकतं. म्हणून रोज गुंगी थांबवून रुग्ण जागा होतो का ते बघायचं असतं. शिकागोत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली छापून आलेल्या अभ्यासात असं केल्यानं व्हेंटिलेटरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ वर आला. ह्यांच्या बाबतीत ते केलं की नाही, मला कुणी सांगितलं नाही. औषधाचं नावसुद्धा मी पहिल्यांदा बिलावर वाचलं.

सोलापुरातल्या प्रत्येक आयसीयूत खाटेपाशी एक पाटी असावी: गुंगीचं औषध कोणतं, कधीपासून, आज थांबवून बघितलं का. मराठीत, ठळक अक्षरात. आणि शुद्धीवर येताना माणूस काही दिवस बरळतो, हे घरच्यांना आधीच बसवून सांगावं. ते तीन दिवस मी ह्यांना मनातून गेलेले धरलं होतं.

– एका यंत्रमाग कामगाराची पत्नी, भवानी पेठ, सोलापूर
(कृपया नाव छापू नये.)