खालच्या मजल्यावरच्या आजी

श्टुटगार्ट, जर्मनी,
१२ जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "रात्री-अपरात्री काही झालं तर तिथं तुमचं आहे कोण?" मी घाईत काहीतरी बोलून फोन ठेवला. आहे गं कोणीतरी. खालच्या मजल्यावरच्या आजी.

आम्ही ऑगस्टमध्ये आलो, त्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला कोणीतरी लाकडी पाटी अडकवून गेलं. तक्रार आली असं वाटून माझ्या पोटात गोळाच आला. पाटीवर शब्द होता 'केरवोखे'. बाबा, त्यात खरंच आपला केर आहे! जिना नि दारापुढचा फुटपाथ बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं झाडायचा. ज्याच्या दारी पाटी, त्याचा आठवडा. आजी ८३ वर्षांच्या. कठडा धरत वर आल्या, मला तळघरात नेऊन बादली दाखवली आणि शेवटची पायरी पुसून होईपर्यंत सोबत थांबल्या.

इथं नव्या घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि आमचा मालक फोनच उचलेना. आजींनी त्याला गाठून सही मिळवली, शिवाय कचेरीत तुमच्या जावयांच्या शेजारी तासभर बसून राहिल्या.

पण मला सांगायचंय ते सईच्या शाळेचं. पहिलीच्या पहिल्या दिवशी इथली मुलं पुठ्ठ्याचा मोठा रंगीत कोन छातीशी धरून जातात. त्याला 'शुलट्युटे' म्हणतात. आत खाऊ, पेन्सिली, खडू. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. आदल्या संध्याकाळी आजींनी सहज विचारलं, "सईची ट्युटे कुठाय?" माझा चेहरा बघून काही न बोलता खाली गेल्या.

सकाळी सातला बेल वाजली. निळा कोन, तोंडाला झिरझिरीत कागद आणि त्यावर पिवळ्या कागदाची कापलेली अक्षरं. देवनागरीत 'सई'! बाबा, तुम्ही करून दिलेली दारावरची पाटी बघून बघून कापली होती त्यांनी. शिरोरेघ तिरकी, 'ई'वरचा रफार पार बाजूला सरकलेला. मी तिथंच रडले.

नंतर कळलं, १९४६ मध्ये हंगेरीतून जर्मन कुटुंबांना हुसकावलं, तेव्हा चार वर्षांच्या आजी आईचं बोट धरून या भागात आल्या होत्या. त्यांच्या पहिल्या ट्युटेत आईनं तळाला बटाटे भरले आणि वर चार गोळ्या ठेवल्या. शाळेत कोणाला कळू नये म्हणून त्यांनी ती दिवसभर हातातून सोडली नाही.

सई त्यांना 'ओमा' म्हणते, म्हणजे आजीच. आता रोज दुपारी त्यांच्याकडे पाढे म्हणायला जाते, मराठीतले!

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा आई, त्यांच्यासाठी एक गोधडी आण. विकतची नको. तुझ्या जुन्या साड्यांची, तू शिवलेली. त्यांचे गुडघे थंडीनं फार दुखतात.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची लेक