‘हे आजार आता आहेतच कुठे?’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लसीकरण विभागात परिचारिका म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला वारंवार ऐकू येऊ लागला आहे. शिकलेसवरलेले, बाळाच्या बाबतीत अत्यंत दक्ष असलेले आईवडील बाळाला मांडीवर घेऊन विचारतात, ‘‘सिस्टर, हे आजार आता आहेतच कुठे? मग धडधाकट बाळाला सुई कशाला टोचायची?’’ असे विचारणाऱ्यांना अडाणी ठरवून गप्प करणे मला पटत नाही. घटसर्पाने श्वास कोंडलेले मूल ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागते आणि बाहेर रांग लागलेली असताना तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून हे पत्र.

लसीत आजार बरा करणारे काहीच नसते. तिच्यात असते ती जंतूची ओळख. गोवराच्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, इंजेक्शनने देण्याच्या पोलिओ लसीत निष्क्रिय केलेला असतो, हिपॅटायटिस बीच्या लसीत विषाणूच्या आवरणातले एक प्रथिन तेवढे असते, तर धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसींत जंतूने सोडलेले विष निर्विष करून घातलेले असते. बाळाच्या मांडीत लस टोचली की तिथल्या पेशी हा ऐवज उचलून जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. तिथे असंख्य पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीला एखादाच ठरावीक आकार ओळखता येतो. ज्यांना हा आकार जुळतो त्या भराभर वाढतात, प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिने, तयार करू लागतात आणि काम उरकल्यावर त्यांतल्या बहुतेक मरून जातात. थोड्या मात्र त्या आकाराची आठवण घेऊन मागे राहतात. टोचलेली जागा लाल होते, बाळ दिवसभर किरकिरते, अंगात कणकण राहते, ती बहुतेक वेळा याच घडामोडीची खूण असते. खरा जंतू जर आधी ओळख नसताना शिरला, तर ही सारी तयारी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत तो आपला डाव साधून घेतो. मागे राहिलेल्या पेशींमुळे तोच अवधी वाचतो.

ही आठवण किती टिकू शकते, याचे एक जुने उदाहरण मला फार बोलके वाटते. गोवराची लस निघण्याच्या शतकभर आधी, १८४६ मध्ये, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि पावणेआठ हजारांच्या वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पीटर लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून नोंदी केल्या. त्यापूर्वीची साथ १७८१ ची होती. त्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेल्या ज्या वृद्धांची त्याने चौकशी केली, त्यांच्यापैकी एकालाही पासष्ट वर्षांनंतर पुन्हा गोवर झाला नव्हता. सगळ्याच आजारांची आठवण इतकी पक्की राहत नाही. डांग्या खोकल्याची आणि धनुर्वाताची पुसट होत जाते, म्हणून त्यांच्या मात्रा ठरावीक अंतराने पुन्हा द्याव्या लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ‘आजार आहेतच कुठे’ हे माणसांच्या आजारांपैकी केवळ देवीबाबत शब्दशः खरे आहे. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकरीत्या झालेला तिचा शेवटचा रुग्ण आढळला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य सभेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर जगभर देवी टोचणे खरोखरच थांबवण्यात आले. बाकीचे आजार संपलेले नाहीत, अडवून धरलेले आहेत. जपानचा अनुभव यासाठी प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. तिथे १९७४ मध्ये साधारण ८० टक्के बालकांना डांग्या खोकल्याची लस मिळत होती. त्या वर्षी देशभरात ३९३ रुग्ण आढळले आणि एकही मृत्यू झाला नाही. त्याच हिवाळ्यात लस दिल्यानंतर दोन बाळे दगावली, लोक हादरले, लसीकरण काही काळ थांबवले गेले आणि १९७६ पर्यंत लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास घसरले. १९७९ मध्ये तेरा हजारांवर रुग्ण आढळले आणि ४१ जण मरण पावले. पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्या भीतीची दखल घेऊनच तिथल्या शास्त्रज्ञांनी कमी त्रासाची नवी लस तयार केली आणि १९८१ पासून ती वापरात आली. पण मधल्या वर्षांत खोकून खोकून निळी पडलेली बाळे त्या लसीची वाट पाहू शकत नव्हती.

गोवराचे तर आणखी अवघड आहे. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांचा त्याच्याशी संपर्क आला, तर नऊ जणांना तो गाठतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना तरी संरक्षण असावे लागते, तेव्हा कुठे साखळी तुटते. उरलेल्या पाचांमध्ये लस घेण्याचे वय न झालेली तान्ही बाळे असतात आणि कर्करोगाचे उपचार चालू असल्यामुळे ज्यांना जिवंत लस देता येत नाही असे रुग्णही असतात. त्यांच्या वाट्याची ढाल इतरांनाच धरावी लागते. धनुर्वात याला अपवाद आहे. त्याचे जंतू मातीतून जखमेत शिरतात, माणसाकडून माणसाकडे जात नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याने घेतलेली लस तिथे तुमच्या उपयोगी पडत नाही.

‘लस घेतलेल्यांनाही गोवर झालाच ना?’ असेही विचारले जाते. येथे थोडे गणित करावे लागते. समजा, एक हजार मुलांपैकी ९५० जणांनी दोन्ही मात्रा घेतल्या आणि ५० जणांनी एकही घेतली नाही. दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते, म्हणजे साडेनऊशेंतली अठ्ठावीस-एकोणतीस मुले असुरक्षित राहतात. सगळ्यांचाच रुग्णाशी संपर्क आला, तर लस न घेतलेल्या ५० पैकी ४५ आजारी पडतील आणि लस घेतलेल्यांतली पंचविसेक. बातमीत ‘रुग्णांपैकी तिसरा हिस्सा लस घेतलेला’ एवढेच छापून आले, तर वाचणारा बुचकळ्यात पडणारच. हे पंचवीस साडेनऊशेंतले आहेत आणि ते पंचेचाळीस पन्नासांतले, हे शेजारी छापले की चित्र स्पष्ट होते.

लसीचा काहीच त्रास होत नाही, असे मी कोणालाही सांगत नाही. तीव्र ॲलर्जीचा झटका दहा लाख मात्रांमागे एखाद्याला येतो. म्हणूनच टोचल्यावर थोडा वेळ थांबायला सांगतो आणि त्यावरचे इंजेक्शन हाताशी ठेवतो. पालकांनी प्रश्न विचारावेत, कुपीसुद्धा पाहायला मागावी. अनेक कुप्यांवर एक छोटे वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन छापलेला असतो. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नसते. ही खूण मी स्वतः आईवडिलांच्या हातात देऊन दाखवते. पाहिल्यावर पुष्कळांचा चेहरा निवळतो.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे. साथ आली की तिची बातमी पहिल्या पानावर येते, ते योग्यच आहे. परंतु साथ नसतानाही महिन्यातून एकदा लसीकरणाचे वेळापत्रक आपल्या पुरवणीत छापावे आणि त्याखाली ठळक अक्षरांत एवढे लिहावे की, एखादी मात्रा चुकली असली तरी बहुतेक लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, जिथे थांबले तिथून पुढे देता येतात. उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागतील, या धास्तीने कार्ड कपाटात ठेवून घरी बसलेले कितीतरी पालक माझ्या माहितीत आहेत. त्यांनी ते कार्ड घेऊन यावे, एवढ्यासाठी ही चार ओळींची जागा मागत आहे.

आपली नम्र,
एक परिचारिका