तारण कोणाच्या नावावर आहे?

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत गाळा घ्यायचा आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे सुटे भाग करून देण्याचे काम, सुरू करायचे, हा तुझा विचार आईकडून कळला. ‘तेवढे धाडस माझ्यात आहे का?’ असे तू तिला विचारलेस म्हणे. माझे आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेले, आणि उद्योजक कोण होतो याचे उत्तर माणसाच्या धाडसात शोधायची सवय तिथे माझी सुटली.

एकदा माझ्या टेबलावर एकाच प्रकारच्या मशीनसाठी दोन प्रस्ताव आले होते. एक अर्जदार कारखान्यात वर्षानुवर्षे लेथवर टर्नर म्हणून राबलेला, ड्रॉइंग पाहताच कामाचा दर अचूक सांगणारा होता. दुसरा नुकताच पदवीधर झालेला, पण त्याच्या काकांची फौंड्री होती. टर्नरचे गावठाणातले घर उताऱ्यावर वडील आणि चुलत्यांच्या सामाईक नावे होते, वाटणी झालेली नव्हती, त्यामुळे ते गहाण घेता येईना. दुसऱ्याकडे बिगरशेती प्लॉट होता, काका जामीनदार होते आणि पहिली ऑर्डरही त्यांचीच होती. कर्ज कोणाला मिळाले हे तुला सांगायला नको. तो मुलगा नालायक होता असे मुळीच नाही, त्याने पुढे कारखाना चांगला चालवला. पण तो टर्नर आजही माझ्या मनातून जात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची जिद्द आपण नेहमी सांगतो आणि ती खरीच होती. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाला पुढे तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानात जमीन दिली, कर्जही दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीला लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्यांचे नांगर घेईनात. तरी पुढे कारखाना उभा राहिला, कारण पाठीशी धीर धरणारा धनको होता. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तोही जहागीरदार घोरपड्यांच्या पाठबळावर. संस्थाने गेली, आणि १९६२ पासून एमआयडीसीने भूखंड, रस्ता, पाणी देऊन त्यांच्या कामाचा काही भाग उचलला. विनातारण कर्जाला हमी देणारा पतहमी निधी २००० सालापासून आहे, आणि छोट्या उद्योगांच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियमही आहे. तरीही कर्ज थकले तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल, या भीतीने शाखेत ‘घर कोणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न येतोच.

आणि घर बहुधा बाईच्या नावावर नसते. सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या आस्थापनांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या निघाल्या. यामागे मालमत्तेची ही वाटणी मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण हक्कसोडपत्राचा, म्हणजे मुलीने आपला वाटा सोडून देण्याचा, कागद अजूनही घरोघरी रूढ आहे. तुझ्या आत्याने ‘माहेर तुटायला नको’ म्हणून त्यावर सही केली, आणि पुढे मसाल्याची चक्की टाकायची ठरवल्यावर तिच्याकडे दाखवायला स्वतःचे काहीच नव्हते. अशा कागदावर तू कधीही सही करू नकोस, मग तो कोणीही पुढे करो.

आजोबांची शेती तुम्हा दोघा भावंडांत समान राहील. मात्र थकलेल्या कर्जाचे तारण कोर्टात न जाता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमीन बँकेला विकता येत नाही, त्यामुळे धंद्याच्या कर्जाला बँका ती सहसा नाखुशीनेच घेतात. म्हणून विश्रामबागेतला प्लॉट मी बक्षीसपत्राने तुझ्या नावे करतो आहे. तुझ्या भावाशी बोलणे झाले आहे आणि त्याची संमती आहे. तो प्लॉट खुशाल तारण ठेव, राहते घर मात्र ठेवायचे नाही. बुडालेल्या छोट्या मालकाला पुन्हा उभे करणारी व्यवस्था आपल्याकडे फार तोकडी आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला आहे. एकल मालकाच्या वाट्याला अजून १९२० चा जुना कायदाच येतो.

मशीनच्या हप्त्यापेक्षा उधारी जास्त छळेल, हेही लक्षात ठेव. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण बड्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायचा म्हणजे पुढची ऑर्डर धोक्यात घालायची, म्हणून लहान कारखानदार गप्प बसतात. तू पहिली ऑर्डर घेण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कर, प्रत्येक बिलावर तो क्रमांक आणि मुदत छाप, आणि सगळे काम एकाच कंपनीकडून घेऊ नकोस. कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाची, मर्यादा मशीनच्या कर्जाबरोबरच मंजूर करून घे. नंतर मागायला गेलीस तर पुन्हा तारण विचारतील.

येत्या रविवारी मशीनची दोन-तीन कोटेशने आणि गाळ्याच्या भाडेकराराचा मसुदा घेऊन ये. प्रकल्प अहवाल आपण दोघे बसून करू, आणि बँकेत बोलायला तू एकटीच जा.

तुझे,
बाबा