डुक्रे कुणाच्या खात्यात?

प्रिय नंदू,

चार महिने पत्र नाही, तेव्हा तुझी बोलणी खाऊन घेतो. गुडघा ठीक, साखर आटोक्यात. लिहायला बसलो तो डुक्रेमुळे. दुसऱ्या कुणाला हा विनोद सांगायचा तर आधी अर्धा तास प्रस्तावना करावी लागेल.

अनेक विषयांत काम केलेल्या अभ्यासकाचं वजन, म्हणजे त्याच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते, एका आकड्यात सांगा, अशी वरून मागणी आहे. चाचणीला डी. डी. कोसंबी घेतले: गणित, जनुकशास्त्र, नाणी, भर्तृहरी, इतिहास. पहिलीच ठेच नावाला. संदर्भसूचीत नुसतं 'डी. कोसंबी' शोधलं की धर्मानंद आणि दामोदर, बापलेक एकाच पोत्यात. उलट दामोदररावांनी 'एस. डुक्रे' या टोपणनावाने छापलेलं गणित पोत्याबाहेर. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठेवणारा ऑर्किड (ORCID) क्रमांक आला २०१२ साली, कोसंबी गेले १९६६ साली. हा डुक्रे कोण, हे यंत्राला कोण सांगणार? (नाव मोठ्याने वाचू नकोस, वहिनी विचारतील.)

मग तो 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मधला, जनुकांमधलं अंतर काढायच्या सूत्राचा चार पानी पेपर, खंड १२, पान १७२. कुणी साल १९४३ लिहितं, कुणी १९४४, म्हणून एकाच पेपरच्या दोन-तीन नोंदी होतात. त्यांचे आकडे नुसते बेरजेला घेऊ नकोस. प्रत्येक नोंदीची 'साइटेड बाय' (संदर्भ देणाऱ्या लेखांची) यादी उतरवायची, एकच लेख प्रीप्रिंट (छापण्याआधीची प्रत) आणि छापील अशा दोन रूपांत आला असेल तर एक काढायचा, मग मोजायचं. एवढं करूनही आकडा कमीच भरतो. २० टक्के पुनर्संयोगाला (दोन जनुकं पुढच्या पिढीत जाताना एकमेकांपासून सुटण्याचं प्रमाण) जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनचं सूत्र २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधल्या अंतराचं माप) अंतर देतं, कोसंबींचं २१.२, कारण एका क्रॉसओव्हरमुळे (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) शेजारचा दुसरा अडतो, हे कोसंबी धरतात. आता हे इतकं रुळलंय की लोक 'कोसंबी फंक्शन वापरलं' लिहितात आणि संदर्भच देत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. मिळालेले संदर्भ विषयागणिक सरासरीने भागून काढतात तो एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट; १ म्हणजे जागतिक सरासरी) प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीनच वर्षं बघतो. या पेपरला खरी मागणी आली ती डीएनए मार्कर (गुणसूत्रावरच्या ओळखखुणा) आल्यावर. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या १९८७च्या मॅपमेकर या संगणक-प्रोग्रॅममध्ये हे सूत्र आयतं होतं. चाळीस वर्षं उशिरा पिकलेल्या फणसाला तीन वर्षांच्या खिडकीतून बघणार कसं?

आणि तुझा लाडका एच-इंडेक्स (प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळालेले दहा लेख असले की दहा, असा हिशेब)! हिर्शने २००५ साली काढला तेव्हा त्याची बाजू घेऊन तू माझा चहा थंड केला होतास. हजारो वेळा उद्धृत झालेला पेपर त्यात फार तर एकाच अंकाची भर घालतो, हे तेव्हाही सांगितलं होतं. १९५६च्या इतिहासाच्या पुस्तकाची तर दैनाच. आवृत्त्या वेगळ्या, पुनर्मुद्रणं वेगळी, मराठी ग्रंथांतल्या तळटीपा कुठल्याच यादीत नाहीत, आणि स्कोपस या संदर्भसूचीतले संदर्भ मुख्यतः १९७० नंतरच्या लेखांतले.

मी बेरीज करणार नाही. प्रत्येक विषयाची ओळ वेगळी, शेजारी कुठल्या सूचीतून कोणत्या तारखेला मोजलं ते, आणि पुस्तकांचा रकाना स्वतंत्र. वरचे लोक कुरकुरतील, कुरकुरू देत.

चिन्मयच्या ॲडमिशनचं झालं का? गच्ची गळायची थांबली?

डुक्रेला गणिताच्या ओळीत घेऊ की स्वतःची ओळ देऊ? त्याला स्वतंत्र ओळच आवडली असती असं मला वाटतं. कळव.

तुझा,
विनय