रशियाची पहिली सहल: दोनच शहरे पुरेत

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की आठवडाभरात रशिया दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात आणि मॉस्को, सेंट पीटर्सबर्गच्या जोडीला त्यांत कझान किंवा मुर्मान्स्कही कोंबलेले असते. अशाच एका सहलीला मी आणि माझे यजमान जाऊन आलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्या अनुभवावरून सुचवावेसे वाटते, की हाताशी सात-आठ दिवस असतील तर दोनच शहरे घ्यावीत आणि विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी वारांचा हिशेब मांडावा.

हा वारांचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमचे क्रेमलिन त्यामुळेच हुकले. कार्यक्रमपत्रिकेत ते गुरुवारी होते, आणि क्रेमलिन गुरुवारीच बंद असते. आयोजकांनी ते पाहिले नव्हते आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही पाहिले नव्हते. अलेक्झांडर बागेतल्या बंद तिकीट खिडक्यांसमोर थोडा वेळ उभे राहून आम्ही जवळच्या ‘प्लोश्चाद रेव्होल्युत्सी’ या मेट्रो स्थानकात उतरलो. तिथल्या कमानींखाली कांस्याचे पुतळे आहेत. त्यांतल्या सीमारक्षकाच्या कुत्र्याच्या नाकाला कामावर निघालेली माणसे न थांबता, सवयीने हात लावून जात होती. नाक सोन्यासारखे लखलखत होते, बाकीचा कुत्रा काळपट. मॉस्कोची मेट्रो 1935 सालची आहे. कोम्सोमोल्स्काया, मायाकोव्स्काया, कीव्हस्काया ही स्थानके बघायला अर्धा दिवस राखून ठेवावा आणि गर्दीची वेळ टाळावी. पीटर्सबर्गचे हर्मिटाज संग्रहालय आणि मॉस्कोची त्रेत्याकोव्ह गॅलरी ही दोन्ही सोमवारी बंद असतात, हेही टिपून ठेवावे.

जाण्यापूर्वी रशियन अक्षरे तेवढी शिकून घ्यावीत. दोन संध्याकाळी पुरतात. इंग्रजी ‘पी’सारखे दिसते ते ‘र’, ‘सी’सारखे ते ‘स’ आणि ‘एच’सारखे ते ‘न’. आम्ही पहिले दोन दिवस ‘पेक्टोपाह’ नावाची हॉटेलांची साखळी किती मोठी आहे, याचे नवल करत होतो. ते ‘रेस्तोरान’ होते!

दोन शहरांमधले सुमारे 650 किलोमीटर अंतर विमानाने कापू नये. ‘साप्सान’ ही वेगवान गाडी साधारण चार तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात नेऊन सोडते, आणि रात्रीच्या गाडीने गेल्यास एका रात्रीचे हॉटेल वाचते. वाटेत त्वेर लागते. पंधराव्या शतकात आमच्या चौलला येऊन गेलेला व्यापारी अफानासी निकितिन तिथला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, म्हणून अलिबागकर या नात्याने मी खिडकीला नाक लावून बसले होते. मॉस्कोत विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा सप्टेंबर 2022मध्ये बसवला गेला. मराठी माणसाने तिथे जरूर जावे.

पीटर्सबर्गला तीन पूर्ण दिवस द्यावेत. हर्मिटाजमधल्या वस्तूंची संख्या 30 लाखांच्या घरात जाते, तेव्हा ‘सगळे पाहू’ हा हट्ट सोडून रेम्ब्रांसारखे एक-दोन चित्रकार निवडावेत. फ्रेंच चित्रकार मातीसची चित्रे मात्र हर्मिटाजच्या मुख्य इमारतीत, म्हणजे हिवाळी राजवाड्यात नसून चौकापलीकडच्या जनरल स्टाफच्या इमारतीत आहेत. पुष्कळ सहली तिकडे फिरकतच नाहीत.

पैशांची तजवीज मात्र इथूनच करावी लागते. भारतात मिळालेली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डे 2022पासून तिथे चालत नाहीत, म्हणून डॉलरच्या कोऱ्या, न फाटलेल्या नोटा सोबत घेऊन तिथल्या बँकेत रूबल करून घ्यावेत. ऑगस्ट 2023पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, त्यामुळे वकिलातीची खेप वाचते. पण तो एकाच प्रवेशाचा असतो. युद्ध चालू आहे, हेही विसरून चालणार नाही. ड्रोन हल्ल्यांमुळे मॉस्कोचे विमानतळ अधूनमधून काही तास बंद ठेवले गेले आहेत, म्हणून परतीच्या प्रवासात दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवावा.

शेवटी हॉटेलाविषयी. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात नेव्हा नदीवरचे पूल जहाजांसाठी रात्री उघडतात आणि तेव्हा मेट्रोही बंद झालेली असते. पूल उघडताना पाहण्याची हौस असेल, तर आपले हॉटेल नदीच्या कोणत्या काठाला आहे, ते आरक्षणापूर्वीच नकाशात पाहून घ्यावे. आम्ही पहाटे पाचला खोलीवर पोहोचलो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अलिबाग